माणूस राहिला, जागा गेली!

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. वय पन्नाशीचे, नोकरी सार्वजनिक क्षेत्रातली. खाते कोणते ते येथे सांगण्याचे कारण नाही. हातात एका परिपत्रकाची झेरॉक्स होती. पुनर्रचना, एकत्रीकरण, सुधारित आकृतिबंध असे शब्द त्यात जागोजागी पेरलेले. बदलीला स्थगिती मिळेल का, हे विचारायला आले असतील असे आम्ही गृहीत धरले. पण त्यांचा प्रश्न निराळाच निघाला. "माझं काय वकीलसाहेब, आठ वर्षे राहिली, निघून जातील. पोराने आयटीआयला वायरमनचा ट्रेड घ्यावा की नको, तेवढं सांगा. आते पुढे काय हुई?"

आम्ही वीस वर्षे वकिली करतो. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. मात्र पुनर्रचनेच्या काळात कर्मचाऱ्याच्या मनात जी धाकधूक असते, तिचे खरे नाव त्या गृहस्थांनी बरोबर सांगितले. कर्मचारी स्वतःच्या नोकरीला जेवढा भितो, त्याहून अधिक तो आपल्यामागच्या जागेला भितो. आणि आपल्या समाजाच्या बाबतीत तर सगळा प्रश्नच त्या जागेचा आहे.

खानदेशपुरते बोलायचे तर वीज खात्याचे उदाहरण सर्वांत जवळचे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले. ६ जून २००५ रोजी या मंडळाची चार शकले झाली: सूत्रधारी कंपनी, महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण. केंद्राच्या विद्युत कायदा २००३ ने हा मार्ग घालून दिला होता. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात काम करणारा महानिर्मितीचा झाला, उच्चदाबाच्या वाहिन्या सांभाळणारा महापारेषणचा, आणि खांबावर चढणारा, बिल वाटणारा, थकबाकी वसूल करणारा महावितरणचा. काल एका टेबलावर डबा खाणारी माणसे वेगवेगळ्या कंपन्यांची नोकर झाली. सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या, पदोन्नतीच्या वाटा वेगळ्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून महावितरणचे जळगाव परिमंडळ. या परिमंडळातला माणूस त्यानंतर नुसता "बोर्डातला" राहिला नाही, तो कोणत्या कंपनीचा हे सांगावे लागू लागले. अर्थात लोक अजूनही "बोर्डात आहे" असेच म्हणतात. जुनी सवय, आणि त्या शब्दाला वजनही होते. बोर्डातला मुलगा म्हटले की सोयरिकीला वेळ लागत नसे.

त्यावेळी कर्मचाऱ्यांच्या संघटना जागरूक होत्या, आणि कायद्यातही एक आधार होता. विद्युत कायद्याचे कलम १३३ सांगते की हस्तांतरणामुळे कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कोणत्याही प्रकारे कमी लाभाच्या होता कामा नयेत. हे कलम महत्त्वाचे आहे, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. त्याच्या आधाराने हजारो कुटुंबे सुखरूप पार झाली. पेन्शनची मागणी मात्र तशीच लोंबकळत राहिली, ती कथा निराळी.

पण हे कलम पुन्हा एकदा वाचा. संरक्षण कोणाला? हस्तांतरित झालेल्या कर्मचाऱ्याला. म्हणजे त्या दिवशी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला. तो माणूस ५८ वर्षांचा होऊन घरी गेला की त्या खुर्चीचे काय करायचे, याबद्दल कलम १३३ मध्ये एक अक्षर नाही. खुर्ची भरायची, रद्द करायची, कंत्राटदाराला द्यायची, की तिच्या जागी यंत्र बसवायचे, हे सारे व्यवस्थापनाच्या मर्जीवर. म्हणून आम्ही म्हणतो की पुनर्रचनेत माणूस वाचतो आणि जागा जाते. माणूस वाचला म्हणून आरडाओरड होत नाही, आणि आरडाओरड झाली नाही म्हणून जागा गेल्याचे कोणाला कळतही नाही.

आता जळगावकडे या. विद्युत कायदा २००३ ने "फ्रँचायझी" नावाचा एक प्रकार आणला. वितरणाचा परवाना महावितरणचाच, पण एखाद्या भागात तिच्या वतीने वीज वाटण्याचे, बिले काढण्याचे आणि वसुलीचे काम खासगी कंपनीकडे. अशा कंपनीला आयोगाचा वेगळा परवाना लागत नाही. भिवंडी २००७ मध्ये टोरंटकडे गेली. २०११ मध्ये औरंगाबाद जीटीएलकडे, नागपूरचा मोठा भाग स्पॅन्कोकडे आणि जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्हजकडे देण्यात आले. हे करार दीर्घ मुदतीचे होते. चार वर्षांतच, २०१५ साली, जळगावचे वितरण पुन्हा महावितरणकडे आले. औरंगाबादचा करार त्याआधी २०१४ मध्ये संपुष्टात आला होता, नागपूरचा २०१९ मध्ये. भिवंडी टोरंटकडेच राहिली, आणि २०२० मध्ये शेजारचे मालेगाव दुसऱ्या एका खासगी कंपनीकडे गेले. म्हणजे जळगावात जे फसले ते दीडशे किलोमीटरवर पुन्हा उभे केले गेले.

जळगावच्या त्या चार वर्षांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले. गळती किती, वसुली किती, ग्राहकांच्या तक्रारी किती, कंपनीकडे बाकी किती. सगळे आकडे विजेचे आणि पैशाचे. माणसांचे गणित फारसे कोणी मांडले नाही. फ्रँचायझीच्या पद्धतीत कायम कर्मचाऱ्यापुढे साधारण दोनच वाटा असतात: खासगी कंपनीकडे प्रतिनियुक्तीवर जायचे, नाही तर बदली घेऊन दुसरीकडे जायचे. दोन्ही वाटांवर पगार शाबूत. कायदेशीरदृष्ट्या कोणाचेही नुकसान नाही. पण रात्री झोप येत नाही, हे नुकसान कोणत्या कलमात बसवायचे? मुलगी बारावीला, घराचे कर्ज पतसंस्थेचे, वडील अंथरुणावर, आणि साहेब म्हणतात दोन दिवसांत पर्याय लिहून द्या. ज्यांची वर ओळख आहे ते शहराजवळ राहतात. ज्यांची नाही ते सातपुड्याच्या पायथ्याला जातात. कोणाची ओळख असते आणि कोणाची नसते, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको.

अनिश्चितता सगळ्यांना सारखी येते, असे व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके म्हणतात. माहिती द्या, संवाद ठेवा, मनोबल टिकेल, असा त्यांचा सल्ला. सल्ला वाईट नाही. पण आपल्या देशात अनिश्चिततासुद्धा जातीच्या उतरंडीतून खाली येते. खुल्या प्रवर्गातल्या कर्मचाऱ्याला एक भीती असते, बदलीची. मागासवर्गीय कर्मचाऱ्याला तिच्यासोबत आणखी चार. ज्येष्ठता यादी नव्याने होईल तेव्हा आपले नाव कुठे सरकवले जाईल? जात वैधता प्रमाणपत्राची फाईल पुन्हा उघडली जाईल का? पदोन्नतीचे काय? शेवटच्या प्रश्नावर तर ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवल्यापासून धुके दाटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, शासनाने एक निर्णय काढला, मग दुसरा काढला, आणि ७ मे २०२१ च्या निर्णयाने पदोन्नतीची सर्व पदे सेवाज्येष्ठतेने भरायला मोकळीक दिली. ज्याची पदोन्नती अशी आधीच अधांतरी, त्याच्या खात्याची पुनर्रचना झाली तर त्याचे मनोबल कोणत्या कार्यशाळेने वाढवायचे?

आणि चौथी भीती ती, जी आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी बोलून दाखवली. पोराचे काय?

येथे एक कायद्याचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपले पुष्कळ कार्यकर्तेसुद्धा त्यात चुकतात. आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले की आरक्षणाची बिंदुनामावली ही संवर्गातील पदांवर चालते, दरवर्षी निघणाऱ्या रिक्त जागांवर नाही. म्हणजे शंभर पदांचा संवर्ग असेल तर महाराष्ट्रात अनुसूचित जातींची १३ आणि अनुसूचित जमातींची ७ पदे ठरलेली. त्या पदावरचा माणूस निवृत्त झाला की जागा त्याच प्रवर्गाने भरायची. आता आकृतिबंध बदलला, शंभराची साठ पदे झाली, तर अनुसूचित जातींची पदे आठाच्या आसपास येतात. कोणालाही नोकरीवरून काढले नाही, कोणत्याही आदेशात जातीचा उल्लेख नाही, आरक्षणाची टक्केवारीही तीच. तरी पाच घरांची चूल कायमची विझली. उरलेली चाळीस कामे कोणीतरी करतच असते. ती कंत्राटदाराच्या मस्टरवर जातात आणि तेथे घटनेचे कलम १६(४) पोहोचत नाही.

धुळे-नंदुरबारच्या आदिवासी बांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. भिल्ल, पावरा समाजातला आयटीआय झालेला मुलगा खांबावर चढतो, पावसात डीपीचा फ्यूज घालतो, पण तो कोणाचा नोकर? कंत्राटदाराचा. त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या स्टील ऑथॉरिटी खटल्याने, ३० ऑगस्ट २००१ रोजी, सांगून ठेवले आहे की कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी आपोआप कायम होण्याचा हक्क मिळत नाही. पुढे २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करण्याची वाट आणखी अरुंद केली. गंमत अशी की मागचे दार त्या मुलाने उघडलेले नाही. पुढचे दार बंद करून त्याला तिकडे हाकलले कोणी?

सरळसेवेतही पूर्वीसारखे राहिले नाही. महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून घेतात, तीन वर्षे मानधनावर, मग तंत्रज्ञ. तरीही या भरतीत बिंदुनामावली असते, म्हणून हजारो मुले तिच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसतात. ती भरती आहे तोवर त्या गृहस्थांना "घे बाबा वायरमन" म्हणता येते.

टेलिफोन खात्याचे पाहा. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे बीएसएनएल झाले. कर्मचाऱ्यांनी पेन्शनची हमी लढून मिळवली, ती रास्तच होती. २०१९ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी देशभरातले सुमारे ७८ हजार लोक घरी गेले. आपलेही बांधव त्यात होते. पैसे मिळाले, कोणी घर बांधले, कोणी मुलीचे लग्न केले. आम्ही त्यांना दोष देत नाही. पगार महिनोन्महिने लांबत होता, उद्या ही योजनाही राहणार नाही अशी हवा होती. अशा वेळी माणूस हाती लागेल ते घेऊन निघतो. याला "स्वेच्छा" म्हणणे हा भाषेचा विनोद आहे. पण त्या ७८ हजार माणसांबरोबर पदेही घरी गेली, आणि त्यांतल्या राखीव पदांचा हिशेब चळवळीच्या कोणत्या व्यासपीठावर झाला? सत्कार झाले, शाली-पुष्पगुच्छ झाले.

मालकी पूर्ण बदलली तर काय होते, तेही न्यायालयांनी सांगितले आहे. २००१ च्या बाल्को निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की निर्गुंतवणूक हा सरकारच्या आर्थिक धोरणाचा भाग आहे, आणि कंपनी "राज्य" राहणार नाही, कलम १४ व १६ चे संरक्षण जाईल, एवढ्या कारणाने कर्मचाऱ्यांना ती अडवता येणार नाही. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आता तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही, जुने गाऱ्हाणे असले तरी. खाउजा धोरण म्हणतात ते हेच. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण हे तीन शब्द आपण गेली तीस वर्षे भाषणांत ऐकतो, टाळ्याही वाजवतो. ते धोरण भाषणात येत नाही, ते आकृतिबंधाच्या तक्त्यात येते. तो तक्ता वाचायला आपल्यातले कितीजण शिकले?

याचा चळवळीशी संबंध काय, असे विचारणारेही भेटतात. खानदेशातल्या विहारांची जुनी पावतीपुस्तके काढून बघा. १४ एप्रिलची वर्गणी, विहाराचा स्लॅब, वसतिगृहातल्या पोरांची फी: देणाऱ्यांच्या नावापुढे रेल्वे, एस.टी., टेलिफोन, वीज मंडळ, जिल्हा परिषद असेच शब्द दिसतील. हे दैनिकसुद्धा त्याच पगारांतून चालले. चळवळीला सेठजीने कधी पैसा दिला नाही, आणि दिला असता तर आपण घ्यायला नको होता. वीज खात्यातली एक जागा गेली म्हणजे एक पगार गेला, आणि त्यासोबत एका वस्तीतला एक वर्गणीदार, एक वाचक, आणि पोरांना "शिका" म्हणून दटावणारा एक माणूस गेला.

बाबासाहेबांनी हे सगळे आपल्याच रेल्वेलाईनवर बसून सांगितले होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे तेथले प्रतिपादन सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी एक बारीक गोष्ट दाखवली होती, ती आपण विसरतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन होतो, पण पोर्टर होऊ शकत नाही. का? तर स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो, आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही. नियमात कुठेही बंदी नाही, कामाच्या रचनेतच ती बसवलेली आहे. आजच्या पुनर्रचनेकडे याच नजरेने पाहिले पाहिजे. आदेशात काय लिहिले ते वाचाच, पण काम कोणत्या पद्धतीने वाटले जाणार आहे आणि त्यात कोण आपोआप बाहेर पडणार, तेही वाचा.

आणि विजेचे तर त्यांनी स्वतः खाते सांभाळले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते, वीजही त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, कारण त्यांच्या दृष्टीने औद्योगिकीकरण हा दारिद्र्याच्या चक्रातून सुटण्याचा मार्ग होता. विजेवर मालकी शासनाची की खासगी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच समितीपुढे ठेवला. १९४७ च्या "राज्ये आणि अल्पसंख्याक" या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यांनी घटनेतच लिहून मागितले. ते मान्य झाले असते तर आमच्याकडे परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन कोणी आले नसते.

आता लढ्याचे. ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यभरातल्या वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. भांडुप परिमंडळात अदानीच्या कंपनीने समांतर परवाना मागितला होता, त्याविरुद्ध तो होता. बहात्तर तासांचा संप पहिल्याच दिवशी, शासकीय कंपन्यांचे खासगीकरण करणार नाही या ऊर्जामंत्र्यांच्या आश्वासनावर, मागे घेतला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा संप झाला. या वेळी खासगीकरणाबरोबर महावितरणची पुनर्रचना हाही मुद्दा होता. या संपांना आमचा पाठिंबा होता आणि आहे. संप फोडणारा मागासवर्गीय असला तरी त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु संपाच्या मागणीपत्रात बिंदुनामावली कितव्या क्रमांकावर होती? मुंबईच्या गिरण्यांतल्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी विणखात्याचा प्रश्न पुढे केला होता: लाल बावट्याच्या बरोबरीने लढू, पण ज्या खात्यात आमच्या माणसाला सूताला तोंड लावू देत नाहीत, ते खाते आधी उघडा. आपल्या संघटनांनी कृती समितीत बसताना तेवढेच करावे. "पदे कमी करू नका" ही सर्वांची मागणी. "राखीव पदे कोणती कमी केली ते दाखवा" ही आपली. ती आपणच मांडायची, दुसरा कोणी मांडणार नाही.

दबावाने काहीच होत नाही, असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने बाह्यस्रोतामार्फत भरतीचा निर्णय काढला, तरुण रस्त्यावर आले, आणि महिना-दोन महिन्यांत तो रद्द करावा लागला. शिवाय महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात, जो २००४ पासून अमलात आहे, शासनाकडून सवलतीच्या दरात जमीन वा इतर आर्थिक सवलत घेणाऱ्यांनाही कक्षेत आणणारे शब्द आहेत. ते शब्द कोणी वापरून पाहिले? सार्वजनिक कंपनीचे काम घेणाऱ्या खासगी ठेकेदाराला ते लागू होतात का, हा वादाचा मुद्दा आहे, आणि वाद घातल्याशिवाय त्याचा निकाल लागत नाही. आम्ही वकील मंडळीही यात कमी पडलो, हे कबूल केले पाहिजे. बदलीच्या स्थगितीचे अर्ज आम्ही पुष्कळ लिहितो. त्यात फी लगेच मिळते.

म्हणून कामाचे बोलू. दरवर्षी ३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो; १९३७ साली बाबासाहेब खटल्याच्या निमित्ताने धुळ्याला आले, त्याची ती आठवण. खानदेशातले नोकरदार तेथे कुटुंबासह येतात. या वेळी जेवणाचे डबे उघडण्यापूर्वी एक कागद वाटायचे आम्ही ठरवले आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज. प्रश्न चारच. पुनर्रचनेपूर्वी तुमच्या संवर्गात मंजूर पदे किती होती आणि नंतर किती? कमी झालेल्या पदांत प्रवर्गनिहाय राखीव बिंदू कोणते होते? ती कामे आज कोणाकडून करून घेतली जातात आणि त्या कंत्राटात आरक्षणाची अट आहे काय? आणि जळगावपुरता चौथा: २०११ ते २०१५ या काळात फ्रँचायझीच्या क्षेत्रातील मंजूर पदे बिंदुनामावलीत कशी दाखवली होती?

अर्ज कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने करू नये, त्याच्या मागे साहेब लागतात. भावाने करावा, बायकोने करावा, आयटीआयच्या पोराने करावा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आले नाही तर पहिले अपील आम्ही लिहून देऊ, फी न घेता.